एक घड्याळ, दोन मध्यान्हे

भारतीय प्रमाणवेळ देशभर सक्तीची करणाऱ्या नियमांचा मसुदा केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२५ मध्ये हरकती-सूचनांसाठी खुला केला, तेव्हा चर्चा बँका, दूरसंचार आणि सेकंदाच्या अंशापर्यंतच्या अचूकतेभोवतीच घुटमळली. परंतु कायदेशीर, व्यापारी आणि प्रशासकीय कामांत अन्य कोणत्याही वेळेला थारा न देणाऱ्या या मसुद्याची खरी कसोटी आसामातील दिब्रुगडच्या चहामळ्यांत लागणार आहे. तेथे इंग्रजी अमदानीपासून ‘बागान टाइम’ चालत आला आहे, म्हणजे मळ्याचे घड्याळ प्रमाणवेळेच्या तासभर पुढे असते.

एका रेखांशाला चार मिनिटे या हिशेबाने, ९५ पूर्व रेखांशाजवळचे दिब्रुगड आणि ६९ जवळची द्वारका यांच्या सूर्यवेळेत सुमारे पावणेदोन तासांचा फरक पडतो, आणि मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशावर बेतलेली प्रमाणवेळ दोहोंपैकी कोणालाच नीट बसत नाही. जूनमध्ये दिब्रुगडला सव्वाचारच्या सुमारास सूर्य उगवतो आणि डिसेंबरात साडेचारच्या आत मावळतो. द्वारकेत त्याच डिसेंबरात सूर्योदयालाच जवळजवळ साडेसात वाजतात.

द्वारकेला याची फारशी झळ लागत नाही, कारण गावाचा दिवस द्वारकाधीशाच्या दर्शनवेळांवर चालतो. सकाळी साडेसहाला मंगला आरती झाली की राबता सुरू होतो आणि दुपारी एकच्या सुमारास ‘अनोसर’, म्हणजे देवाच्या विश्रांतीसाठी दर्शन बंद होते, ते पाचपर्यंत. तेथे सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी बारा चोपन्नला. तेव्हा देवाची वामकुक्षी सूर्याशी चांगलीच जुळते, मग ती कोणी मुद्दाम जुळवलेली असो वा नसो. दिब्रुगडला सूर्य अकरा दहालाच माथ्यावर येतो, म्हणजे सरकारी कचेरी दहाला उघडून तासाभरात मध्यान्ह उलटू लागते. मळ्यात आठचा ठोका पडतो तेव्हा प्रमाणवेळेनुसार सातच वाजलेले असतात, आणि दोन पाने व एक कळी खुडणाऱ्या मजुरांचे काम उजेड सरण्यापूर्वी आटोपते.

आसामी चित्रपट दिग्दर्शक जाह्नू बरुआ यांनी ईशान्येच्या स्वतंत्र वेळेचा आग्रह वर्षानुवर्षे धरला, तो कलावंताचा हट्ट म्हणून सोडून देण्याजोगा नाही. राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनीही २०१८ मध्ये दोन वेळांची योजना मांडली. त्यांची सीमा आसाम आणि पश्चिम बंगाल यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात ठेवली, जेणेकरून घड्याळे बदलण्याची कटकट मोजक्याच रेल्वेस्थानकांपुरती उरावी. संपूर्ण देशाचे घड्याळ अर्धा तास पुढे सरकवावे, ही दुसरी सूचना वीजबचतीच्या आकड्यांमुळे आकर्षक वाटते. मात्र तसे केल्यास द्वारकेत हिवाळी सूर्योदय आठच्या आसपास जाईल, आणि पूर्वेची अडचण अर्धीच सुटून पश्चिमेच्या शाळकरी मुलांना अंधारात घराबाहेर पडावे लागेल.

वेळ बदलण्याचा मामला तांत्रिक नसतो, हे मुंबईने फार पूर्वी दाखवून दिले आहे. १९०६ मध्ये प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईची वेळ तिच्या ३९ मिनिटे मागे होती. नव्या घड्याळाने पहाटे आणखी लवकर कामावर जावे लागणार, म्हणून गिरणी कामगारांनी दंगा केला, महापालिकेनेही माघार घेतली आणि शहराची जुनी वेळ १९५५ पर्यंत टिकली. आसामच्या मळ्यांत घड्याळ पुढे केले ते मालकांनीच, आणि त्यांचा हेतू मजुरांच्या झोपेचा नव्हे तर उजेडाचा पुरेपूर उपयोग करून घेण्याचा होता. तरीही स्थानिक सूर्याशी इमान राखणारी व्यवस्था म्हणून ती दिल्लीच्या एकवेळेपेक्षा अधिक शहाणपणाची ठरते.

मसुद्यात खगोलशास्त्र, नौकानयन आणि संशोधन यांसाठी सरकारी परवानगीने अपवाद ठेवला आहे. चहामळ्यांनाही तो देण्यात अडचण दिसत नाही. न दिल्यास हजेरीपुस्तकात आठऐवजी सात लिहिले जाईल आणि मजूर त्याच उजेडात कामाला लागतील, दिब्रुगडच्या कचेऱ्या मात्र पूर्वीप्रमाणेच दहाला उघडत राहतील.