'फेरोइलेक्ट्रिक धातू': हा वदतोव्याघात आहे का?

तर्कशास्त्रात 'वंध्यापुत्र' हे जुनं उदाहरण आहे. शब्द जोडता येतात, पण तशी वस्तू असू शकत नाही. 'फेरोइलेक्ट्रिक धातू' हेही अनेकांना तसंच वाटायचं. ते खरंच तसं आहे का, हे आज आपण पाहू.

आधी शब्द समजून घेऊ. काही पदार्थांत धन आणि ऋण प्रभारांची केंद्रं आपोआपच एकमेकांपासून किंचित सरकलेली असतात. त्यामुळे पदार्थाला विजेच्या दृष्टीने एक दिशा येते. बाहेरून विद्युतक्षेत्र लावून ती उलटवता आली आणि क्षेत्र काढल्यावरही तशीच टिकली, तर तो गुण म्हणजे फेरोइलेक्ट्रिसिटी. यात लोखंडाचा संबंध नाही. लोहचुंबकाशी साम्य, म्हणून 'फेरो'. जोसेफ व्हॅलासेक यांनी १९२० मध्ये रोशेल मिठात हा गुण दाखवला.

मग धातूची अडचण काय? मोकळे इलेक्ट्रॉन. बाहेरून क्षेत्र लावलं की ते लगेच सरकतात आणि त्याला आत शिरू देत नाहीत. शिरलंच नाही, तर दिशा उलटणार कशी? १९६५ मध्ये अँडरसन आणि ब्लाउंट यांनी सुचवलं, की धातूतही अशी दिशा असू शकेल. २०१३ मध्ये लिथियम ऑस्मेट या धातूत ती आढळलीही. उलटवणं मात्र बाकी होतं.

आता आपलं काळं रान डोळ्यांसमोर आणा. हलकी सर आली की वरची बोटभर माती भिजते, खाली कोरडंच. पण माती मुळात बोटभरच असेल तर?

नेमकं हेच झालं. २०१८ मध्ये सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात डेव्हिड कॉबडेन यांच्या गटाने टंग्स्टन डायटेल्युराइडचे फक्त दोन-तीन थर घेतले. एक थर म्हणजे तीन अणूंची जाडी. एवढ्या पातळ पदार्थात क्षेत्र आत पोचलं आणि दिशा उलटली. वीज थरांमधून आडवी वाहते. ही दिशा मात्र उभी. एक थर दुसऱ्यावर अगदी किंचित घसरतो आणि दिशा बदलते, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. सुट्या एका थरात हा गुण नसतो. म्हणजे तो थराचा नाही, थरांमधल्या संबंधाचा आहे.

वंध्यापुत्र व्याख्येनेच अशक्य आहे. फेरोइलेक्ट्रिसिटीच्या व्याख्येत मात्र 'पदार्थ विद्युतरोधक हवा' असं कुठेही नाही. ती अट आपण सवयीने घातली. म्हणून कुणी 'अशक्य' म्हटलं, की आपण एवढं विचारावं: व्याख्येमुळे, की वाटेतल्या अडथळ्यामुळे? अडथळा असेल, तर तो कधीतरी दूर होऊ शकतो.