समृद्धीवर सुपरकार : १२० च्या रस्त्यावर ३०० ची गाडी, आणि आपल्या टायरचा हिशेब

मेहकर, सिंदखेडराजा भागात ज्यांची शेतं समृद्धी महामार्गाला लागून आहेत, त्यांच्या कानाला आता हा आवाज नवा राहिलेला नाही. आधी लांबून घरघर येते, मग एकदम डरकाळी, आणि मान वळवेपर्यंत पिवळी किंवा लाल, जमिनीला चिकटलेली गाडी पुढे गेलेली असते. पोरं मोबाईल काढतात, पण व्हिडिओत येतो फक्त रिकामा रस्ता.

नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ ला शेवटच्या इगतपुरी-आमणे टप्प्यासह पूर्ण खुला झाला. त्यामुळे ज्यांच्याकडे अशा महागड्या गाड्या आहेत, त्यांना लांब पल्ल्याला निघायला मोकळा रस्ता मिळाला. पण कोट्यवधींची गाडी घेऊन लांबचा प्रवास खरंच सोपा असतो का? आणि त्यातून आपल्या बोलेरो, अल्टोवाल्यांनी काय घ्यायचं? समजून घेऊया.

एका टाकीत किती जाते?

उदाहरणासाठी लॅम्बोर्गिनीची हुराकान घ्या. इंजिन दहा सिलेंडरचं, ताकद ६०० हॉर्सपॉवरच्या वर. आपल्याकडचा साधा ट्रॅक्टर ४५-५० एचपीचा असतो, म्हणजे बारा-तेरा ट्रॅक्टरांची ताकद एका गाडीत. पेट्रोलची टाकी साधारण ८० लिटरची. जरा जोरात चालवली की ॲव्हरेज पाच-सहावर येतं. म्हणजे एका टाकीत ४००-४५० किलोमीटर धरा. नागपूरहून मुंबईला जायचं तर मध्ये एकदा तरी पंपावर थांबावंच लागतं. त्यातही या इंजिनांना जास्त ऑक्टेनचं पेट्रोल लागतं आणि ते प्रत्येक पंपावर मिळत नाही. त्यामुळे कुठे थांबायचं हे घरून निघतानाच ठरवावं लागतं.

सामानाचं म्हणाल तर गंमतच आहे. इंजिन मागे असल्यामुळे डिक्की पुढे, बोनेटच्या जागी. त्यात शाळेची तीन-चार दप्तरं बसतील एवढीच जागा. बसायला माणसं दोनच. लग्नाला जायचं तर आहेराची पिशवी मांडीवर घ्यावी लागेल!

समृद्धीवरून खाली उतरली की अडचण

हुराकानचं पोट जमिनीपासून साधारण १२५ मिलिमीटर वर असतं, म्हणजे जेमतेम अर्धी वीत. बोलेरोचं साधारण १८० मिलिमीटर. नियमाप्रमाणे गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे पसरट हवा. गावात घातलेले ब्रेकर कसे असतात ते आपल्याला माहीत आहे. उंच, अरुंद, कधीकधी नुसता मुरमाचा ढीग. अशा ठिकाणी गाडीचं नाक किंवा पोट घासतं. म्हणून बऱ्याच सुपरकारमध्ये बटण दाबलं की पुढचा भाग थोडा उचलला जातो आणि गाडी मुंगीच्या पावलाने, तिरकी करून पलीकडे काढतात. समृद्धीवर ब्रेकर नाहीत. पण इंटरचेंजवरून खाली उतरलं की पुढचे दहा किलोमीटर आधीच्या तीनशेपेक्षा अवघड जातात.

मग अशा गाडीने देशभर फिरताच येत नाही का? येतं. २००८ मध्ये फेरारी कंपनीने ६१२ स्कॅग्लिएटी जातीच्या दोन गाड्या मुंबईतून काढून भारतभर हजारो किलोमीटर फिरवल्या होत्या. पण तिथे कंपनीच पाठीशी उभी होती. एकट्या मालकाला ते जमत नाही. आता तर काही कंपन्या खराब रस्त्यासाठीच उंच स्पोर्ट्स कार काढतात. हुराकान स्टेराटो ही साध्या हुराकानपेक्षा ४४ मिलिमीटर उंच आहे.

टायर पंक्चर झाला तर?

या गाड्यांचे टायर रुंद आणि पातळ असतात. हुराकानच्या मागच्या टायरची रुंदी ३०५ मिलिमीटर, म्हणजे फूटभर. स्टेपनी नसते. वाटेत टायर फाटला तर गावच्या पंक्चरवाल्याकडे तो साईज मिळणार नाही. मोठ्या शहरातून टायर मागवायचा, नाहीतर गाडीच ट्रकवर चढवून न्यायची. अशी गाडी ट्रकवर जाताना दिसली तर हसू नका, मालकाचे पैसे वाचत असतात.

हा भाग आपल्यासाठी

सुपरकारवाला निघण्याआधी सगळ्यात जास्त काळजी टायरची घेतो. आपण सगळ्यात शेवटी घेतो. प्रत्येक टायरच्या बाजूला साईजनंतर एक आकडा आणि एक इंग्रजी अक्षर असतं. ते अक्षर म्हणजे टायर जास्तीत जास्त किती वेग सहन करतो त्याची खूण. 'एस' म्हणजे ताशी १८० किलोमीटर, 'टी' म्हणजे १९०, 'एच' म्हणजे २१०, 'व्ही' म्हणजे २४०, 'वाय' म्हणजे ३००. पण ही मर्यादा नव्या, नीट हवा भरलेल्या टायरची आहे. जुन्या, रिमोल्ड केलेल्या किंवा कमी हवेच्या टायरला ती लागू नाही.

त्याच बाजूला चार आकडे शोधा. '३५२३' असेल तर टायर २०२३ सालच्या ३५ व्या आठवड्यात बनला. गाडी वर्षभर शेडमध्ये उभी असली तरी रबराचं वय वाढतंच. कारच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली तर तो रस्त्यावर आणणं बेकायदेशीर आहे.

हवा कमी असली की टायरची बाजू सतत दबते आणि गरम होते. सिमेंटचा रस्ता, उन्हाळ्याची दुपार, गाडीत आठ माणसं आणि टपावर सामान. अशा वेळी टायर फुटतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. नायट्रोजन भरला म्हणजे टायर फुटत नाही, हा गैरसमज आहे. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

वेग दुप्पट, थांबायला चौपट

समृद्धीवर कारला सपाट भागात १२० आणि घाटात १०० ची मर्यादा आहे. गाडी चार लाखांची असो की चार कोटींची, मर्यादा तीच. दंडही तोच, कायद्यात हलक्या वाहनाला १ ते २ हजार रुपये. एवढ्या दंडाने कोट्यधीशाला फरक पडत नसेल, पण ब्रेक पैसे बघत नाही.

वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं. १२० वर चांगली सुपरकार ब्रेकवर पन्नासएक मीटरमध्ये थांबते. २४० वर तिलाच जवळपास २०० मीटर लागतात. त्यात ड्रायव्हरला समोरचं दिसून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागतो. तेवढ्यात गाडी आणखी ६७ मीटर पुढे गेलेली असते. कुंपणाच्या फटीतून आलेलं रानडुक्कर किंवा बंद पडलेला ट्रक तेवढी वाट पाहत नाही. सरळ, एकसारख्या रस्त्यावर डोळ्यांवर झापड येते, तो धोका वेगळाच. म्हणून दर दोन तासांनी थांबून पाय मोकळे करा.

आपल्या जिल्ह्याला हे नव्याने सांगायची गरज नाही. १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजाजवळ खासगी बसच्या अपघातात २५ जणांचा जीव गेला. ती सुपरकार नव्हती, साधी प्रवासी बस होती.

व्हिडिओ काढायचा असेल तर

सुपरकार बघायला कुंपण ओलांडून रस्त्यावर जाऊ नका. २०० च्या वेगाने येणारी गाडी सेकंदाला ५५ मीटर कापते. लांब दिसली म्हणेपर्यंत ती अंगावर आलेली असते. मोटारसायकल, रिक्षा आणि ट्रॅक्टरला समृद्धीवर बंदी आहे, तेव्हा पोरांना 'शर्यत लावू' म्हणून बाईक वर चढवू देऊ नका. अपघात दिसला तर आधी ११२ किंवा १०८ ला फोन करा, मोबाईलचा कॅमेरा नंतर. जखमीला मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही, कायद्याने तसं संरक्षण दिलं आहे.

लांबच्या प्रवासात सगळी मदार जमिनीला टेकलेल्या चार तळहातांएवढ्या रबरावर असते. हुराकानला चार टायर, आपल्या बोलेरोलाही चारच. पुढच्या वेळी समृद्धीवर चढण्याआधी गाडीभोवती एक चक्कर मारा, वाकून टायर बघा, आणि मगच चावी फिरवा.