माशांची ओसरी

हदगावात मे महिन्यात माणसांनाच गारवा मिळायची मारामार. तिथे माशांच्या पेटीला चिलर बसवायचा म्हणजे शेजाऱ्यांना हसायला निमित्तच. ते हसलेही. पण पारा ४३ वर गेला, पेटीतले पाणी तिशीपलीकडे सरकले, की गोल्डफिश वर येऊन आ वासू लागतो. आपल्याला वाटते, भूक लागली. खरे तर त्याचा जीव घुसमटत असतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांना साडेसातच.

चिलर आला. दिसायला बरे म्हणून पेटीखालच्या कपाटात ठेवून दार लावले. तो दिवसभर घरघरत राही, पाणी मात्र कोमटच. मी यंत्राला नावे ठेवत होतो. फ्रीज दुरुस्त करणाऱ्याने दार उघडले, आत हात घातला आणि म्हणाला, "सर, याला श्वास तरी घेऊ द्या!"

चिलर गारवा तयार करीत नाही. पेटीतली उष्णता उचलून तो बाहेर टाकतो, एवढेच. कपाटात तो आपलीच गरम हवा पुन्हा ओढत होता. फ्रेंच अभियंता सादी कार्नो याच्या १८२४ च्या ग्रंथातून पुढे आलेला हिशेब असा: गार बाजू १० अंशांवर आणि गरम बाजू ५० वर असेल, तर आदर्श यंत्र एक भाग विजेत सात भाग उष्णता उपसते. गरम बाजू ४० वर आणा, नऊ भागांहून अधिक. प्रत्यक्षातले यंत्र याच्या निम्मेही गाठत नाही, पण कल तोच.

म्हणून चिलर उत्तरेच्या ओसरीवर आला. वीज बंद करून कंडेन्सरच्या पात्यांतली धूळ जुन्या दातब्रशने काढली, नळ्यांना स्पंज गुंडाळला, पेटीच्या मागे थर्माकोल लावला आणि तापमान २० ऐवजी २४ वर ठेवले. माशांची तक्रार नाही.

मग कंडेन्सरसमोर हातभर अंतरावर वाळ्याचा विरळ पडदा टांगला. चिलरचा पंखा हवा त्यातूनच ओढतो. एक लिटर पाणी उडून जाताना जी उष्णता नेते, तेवढी काढली तर शंभर लिटर पाणी साडेपाच अंशांनी उतरेल. माठाची करामत हीच. पाणी थेट यंत्रावर मात्र शिंपडू नये. विजेचा धोका आहेच, शिवाय बोअरच्या जड पाण्याचे क्षार पात्यांवर बसतात. पावसाळ्यात हवाच ओली. तेव्हा पडदा काढून ठेवायचा.

आता खरी अडचण. विजेची बचत पाण्यावर झाली! "तुळशीला तांब्याभर, आणि माशांच्या पडद्याला बादलीभर?" हा घरातला प्रश्न बिनतोड होता. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आपल्याच मुलखात. वीज वाचली म्हणजे कुठेतरी पाणीही वाचते, असा युक्तिवाद मी करून पाहिला. पाण्याअभावी परळीचे औष्णिक वीजकेंद्र २०१५ मध्ये बंद पडले होते, हेही सांगितले. तो टिकला नाही. परळीचे पाणी आमच्या रांजणात येत नाही.

तोड पेटीतच होती. दर आठवड्याला तिच्यातले थोडे जुने पाणी काढून टाकतोच. आता ते झाकणाच्या बादलीत साठवतो आणि रोज त्यातले थोडे वाळ्यावर घालतो. उरलेले जास्वंदीला. आठवड्याच्या अखेरीस ओसरीवर वाळ्याच्या वासात माशांचाही वास मिसळतो. शेजारी त्यालाही हसतात.