कॉलेज फुटबॉल आणि गावातला रोजगार

- हंगाम : ऑगस्टअखेर ते डिसेंबरचा आरंभ. अमेरिकी विद्यापीठांच्या नियमित हंगामात साधारण १२ सामने. घरच्या मैदानावर ६ ते ८, बहुतेक शनिवारी.
- गाव लहान, मैदान मोठे : पेनसिल्व्हेनियातील स्टेट कॉलेज. २०२० च्या जनगणनेत वस्ती सुमारे ४०,५००. तिथल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या बीव्हर स्टेडियमची नूतनीकरणापूर्वीची क्षमता १,०६,५७२.
- आदरातिथ्य क्षेत्र : हॉटेल, रेस्टॉरंट, बार, केटरिंग. कामे : खोल्यांची साफसफाई, स्वागतकक्ष, वाढपी, बारटेंडर, स्वयंपाकघर.
- सामन्याचा शनिवार-रविवार : खोल्यांचे दर चढे, अनेक हॉटेलांत किमान दोन रात्रींच्या बुकिंगची अट. जादा पाळ्या, तात्पुरती भरती, विद्यार्थीही कामाला.
- वेतन : संघराज्य पातळीवर किमान ताशी ७.२५ डॉलर (२००९ पासून). टिप मिळणाऱ्यांना मालकाने द्यायचे किमान रोख वेतन २.१३ डॉलर (१९९१ पासून). टिप धरूनही ७.२५ भरले नाहीत, तर फरक मालकाने द्यायचा. अनेक राज्यांत दर याहून जास्त.
- गावात येणारा नवा पैसा : बाहेरगावच्या प्रेक्षकांचा खर्च.
- वळलेला पैसा : स्थानिकांनी सिनेमाऐवजी सामन्यावर केलेला खर्च, गावाच्या उत्पन्नात निव्वळ भर नाही.
- २०२० : कोविडमुळे अनेक मैदानांत प्रेक्षकांना बंदी किंवा मर्यादित प्रवेश, म्हणजे तिथे हा नवा पैसाही आटला.