पाण्याची वाट आणि नगराची आखणी

एखाद्या नगराचे नाव काढले की त्याची नदी आपल्याला प्रथम आठवते. नाशिकला गोदावरी आहे, पुण्याला मुळा-मुठा आहेत. मी नोकरीनिमित्त ज्या बंगळुरात राहतो, त्याला मात्र अशी मोठी नदी नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर, जणू दुपाखी छपराच्या आढ्यावर, हे शहर वसले आहे. पश्चिमेच्या पाख्यावरील पाऊस वृषभावतीतून अर्कावतीला व पुढे कावेरीला मिळतो. दुसऱ्या पाख्यावरचा हेब्बाळ आणि कोरमंगल-चल्लघट्ट या खोऱ्यांतून दक्षिण पिनाकिनीकडे जातो.

केंपेगौडाने 1537 मध्ये हे नगर वसविले, तेव्हा पाणी अडविल्यावाचून येथे वस्ती टिकणार नाही हे उघड होते. म्हणून उताराच्या प्रत्येक वळणावर बांध घालून तळी बांधण्याची रीत येथे रूढ झाली. वरचे तळे भरले म्हणजे सांडव्यावरून ओसंडणारे पाणी नाल्याने खालच्या तळ्यात उतरे. या नाल्याला येथे ‘राजकालुवे’ म्हणतात. तळ्याच्या मोऱ्या उघडणारा ‘नीरगंटी’ हा आपल्याकडील पाटकऱ्याचाच भाऊबंद होय. 1638 नंतर शहाजीराजांकडे ही जहागीर आली, तेव्हा त्यांचाही संसार याच तळ्यांच्या आधाराने चालला असला पाहिजे.

दूरवरून नळाने पाणी येऊ लागल्यावर तळ्यांची गरज सरली असे लोकांना वाटू लागले. धर्मांबुधी तळ्याच्या जागी आज मुख्य बसस्थानक आहे. संपंगी तळ्यात कंठीरव क्रीडांगण उभे आहे. यापुढे तळी मोडू नयेत, अशी शिफारस लक्ष्मणराव समितीने 1980 नंतरच्या दशकात केली. परंतु तोवर पुष्कळ साखळ्यांचे दुवे निखळले होते.

याचा परिणाम काय होतो? मोकळी माती पावसाचा बराच भाग पोटात घेते आणि उरलेला सावकाश सोडते. तीच जमीन छपरे, फरसबंदी व डांबर यांनी झाकली, की बहुतेक सारे पाणी एकदम धावत सुटते. आणि ते वाहून नेणारा नाला तर आपण अरुंद केलेला असतो. सप्टेंबर 2022 मध्ये एका रात्रीत सुमारे 130 मिलिमीटर पाऊस पडला, आणि पूर्वेकडील सखल वसाहतींतून लोकांना ट्रॅक्टर व होड्यांतून बाहेर काढावे लागले. पुढे 2024च्या उन्हाळ्यात हेच शहर टँकरच्या मागे धावत होते. कूपनलिका आटल्या होत्या, आणि कावेरीचे पाणी तर सुमारे 100 किलोमीटरवरून उपसून आणावे लागते. पूर आणि टंचाई ही एकाच चुकीची दोन फळे आहेत.

काही वर्षांपूर्वी एका वसाहतीचा नकाशा माझ्या टेबलावर आला होता. रस्त्यांची रुंदी, भूखंडांची मापे, सारे काटेकोर होते. जमिनीची उंची मात्र कोठेच दाखविलेली नव्हती. जागा पाहण्यास गेलो, तेव्हा एका वृद्ध शेतकऱ्याने एवढेच विचारले, “साहेब, पाणी कुठून जाणार?” त्या प्रश्नाचे उत्तर नकाशात नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर माझ्यापाशीही नव्हते.

पाणलोटाला धरून आखणी करावयाची म्हणजे याच प्रश्नापासून आरंभ करावयाचा. प्रथम समोच्च रेषा, नाले व तळी नकाशावर मांडावीत. रस्ते व घरे त्यानंतर. खोलगट पट्टा बाग, शेत किंवा क्रीडांगण म्हणून मोकळा ठेवावा, म्हणजे चार दिवस तेथे पाणी साचले तरी कोणाचे घर बुडत नाही. नाल्याच्या कडेला किती जागा सोडावी, हाही वादाचा विषय झाला. 2016 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तळ्यांभोवती 75 मीटर पट्टा राखण्यास सांगितले. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, कारण असे अंतर ठरविणे हे कायद्याने केलेल्या नगररचना आराखड्याचे काम आहे. अर्थात जबाबदारी पुन्हा आखणी करणाऱ्यांवरच आली.

प्रत्येक घरालाही आपला वाटा उचलता येतो. 100 चौरस मीटर छपरावर 25 मिलिमीटर पाऊस पडला, तर 2,500 लिटर पाणी मिळते. ते टाकीत साठविले किंवा शोषविहिरीत सोडले, तर तेवढा भार नाल्यावरचा उतरतो. 2009 मध्ये येथे ठरावीक आकाराच्या भूखंडांवर अशी सोय करणे कायद्याने बंधनकारक झाले. तळ्यांचेही पुनरुज्जीवन होऊ शकते : जक्कूर येथे शुद्ध केलेले सांडपाणी पाणवनस्पतींच्या दलदलीतून गाळून तळ्यात सोडण्यात आले आहे. पण एकटे तळे स्वच्छ करून भागत नाही. त्याला पाणी देणारा सारा उतार सांभाळावा लागतो, मग तो कितीही वॉर्डांत विभागलेला असो.

श्रोतेहो, बंगळुरात भूखंडाला ‘साइट’ म्हणतात आणि ती घेणे हे प्रत्येक मध्यमवर्गीयाचे स्वप्न असते. तुमचे गाव कोणतेही असो, जागा घेण्यापूर्वी कागद तर पाहावेतच. पण भर पावसात एकदा तेथे जाऊन उभे राहावे, आणि पाणी कोठून येते व कोठे जाते हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.