उसाच्या गाडीमागे स्वयंचलित मोटार

मोटार १, मोटारसायकल ०.५, ट्रक किंवा बस ३, ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर ४.५ आणि बैलगाडी ८. ग्रामीण रस्त्यांची क्षमता मोजण्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसने १९९० मध्ये दिलेले हे आकडे. एखादे वाहन किती मोटारींइतका रस्ता अडवते, याचा हा हिशेब. गळीत हंगामात राहुरी, बाभळेश्वर, कोपरगाव या बाजूने नगर-मनमाड रस्त्यावर प्रवास केलेल्याला त्यातला ८ समजावून सांगावा लागत नाही. उसाने लादलेल्या बैलगाड्या, डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर, मालट्रक, शिर्डीला निघालेल्या मोटारी, पालखीबरोबर कडेने चालणारे पदयात्री आणि या सगळ्यांमधून वाट काढणाऱ्या दुचाक्या.

या गर्दीत अर्धवट स्वयंचलित मोटार आलेलीच आहे. चालकरहित गाड्यांमुळे चालकांचा रोजगार जाईल, म्हणून त्या देशात येऊ देणार नाही, असे नितीन गडकरी अनेकदा बोलले आहेत. पण पुढच्या गाडीपासून अंतर राखणारी, धोका दिसताच स्वतः ब्रेक लावणारी यंत्रणा आज मध्यम किमतीच्या मोटारींतही मिळते. तिचा बाकीच्या रहदारीवर काय परिणाम होईल, हे रस्त्यावर माणसे घालून तपासता येत नाही. त्यासाठी संगणकात रस्ता उभा करावा लागतो.

परदेशातून आलेली बातमी आशादायक आहे. जपानी संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २३० मीटरच्या वर्तुळावर २२ मोटारी सारख्या वेगाने चालवायला सांगितल्या. ना सिग्नल, ना खड्डा. तरी थोड्याच वेळात थांबा-निघा सुरू झाले आणि कोंडीची लाट मागे मागे सरकू लागली. पुढे अमेरिकेतल्या ॲरिझोनात तसाच प्रयोग झाला. तिथे वीस-बावीस मोटारींपैकी एकीचा वेग यंत्राकडे दिला आणि ती लाट विरली. एक शांत चालक मागच्या सगळ्यांना सावरतो.

मात्र त्या वर्तुळात मोटारी एकामागे एक होत्या. मधे शिरायला कुणी नव्हते. आपल्याकडे समजा ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी अर्धवट स्वयंचलित मोटार दीड सेकंदाचे अंतर राखते, म्हणजे पुढे २५ मीटर जागा मोकळी सोडते. तेवढ्यात एक दुचाकी आत येते. यंत्र ब्रेक लावते, पुन्हा अंतर वाढवते, पुन्हा दुसरी आत येते. मागचा ट्रक प्रत्येक वेळी दचकतो. तिथे लाट विझवणारी शिस्त इथे नवी लाट उठवू शकते. यात दुचाकीस्वाराला बेशिस्त म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. अरुंद रस्त्यावर मिळेल ती जागा वापरली जाते म्हणूनच एवढी माणसे त्यावरून जाऊ शकतात.

म्हणून संगणकातल्या प्रतिरूपाचा पायाच बदलावा लागतो. जुनी प्रारूपे 'पुढच्याच्या मागे चाला' या नियमावर उभी आहेत; जर्मनीत वीडेमान यांनी १९७४ मध्ये मांडलेले प्रारूप आजही वापरात आहे. आयआयटी मुंबईत टॉम मॅथ्यू यांच्या गटाने 'सुमो' या मुक्त जर्मन प्रणालीवर 'सिमट्रॅम' बांधले, त्यात मार्गिकेचे उभे पट्टे पाडले. दुचाकी एखाद-दोन पट्टे व्यापते, ट्रक जास्त. त्यामुळे शेजारून निसटणे, तिरके घुसणे दाखवता येते. मग चित्रफितीवरून वाहने मोजायची, वेग आणि बाजूचे अंतर काढायचे आणि संगणकातली रांग खऱ्या रांगेशी जुळेपर्यंत आकडे सुधारत राहायचे. हे कष्टाचे काम आहे आणि एका गावाचे आकडे दुसऱ्या गावाला चालत नाहीत. हंगामातले आकडे जूनमध्येही चालणार नाहीत.

नगरमध्ये, म्हणजे आताच्या अहिल्यानगरातच, संरक्षण संशोधन संस्थेची वाहन संशोधन प्रयोगशाळा, व्हीआरडीई, आणि तिची चाचणी धावपट्टी आहे. तिथे एकेका वाहनाचे ब्रेक, वेग, स्थैर्य तपासले जाते. गर्दीचे उत्तर धावपट्टीवर मिळत नाही. ते समृद्धी महामार्गावरही मिळायचे नाही, कारण तिथे दुचाकी, ट्रॅक्टर, बैलगाडी यांना बंदीच आहे. स्वयंचलित मोटार तिथे नीट वागेल. तिची परीक्षा शिर्डीच्या फाट्यावरून खाली उतरल्यावर सुरू होते.

त्या परीक्षेत काय मोजायचे, हे आधी ठरवायला हवे. अहवालांत बहुधा मोटारीचा सरासरी विलंब येतो. मला आधी हवी आहे टक्कर किती सेकंदांवर येऊन टळली याची नोंद, दुचाकीस्वारासाठी आणि गाडीवानासाठी वेगळी. अंधारात चाललेल्या उसाच्या बैलगाडीला मागे दिवा नसतो. पसरलेल्या वाढ्यांमुळे तिचा आकार मोटारीच्या पाठीसारखा दिसत नाही आणि वेग माणसाच्या चालीइतका. मोटारी, ट्रक ओळखायला शिकलेला कॅमेरा तिला कधी ओळखेल, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. हंगामाच्या तोंडावर अशा गाड्यांना लाल परावर्तक पट्ट्या लावण्याच्या मोहिमा होतात. संगणकातल्या नगर-मनमाड रस्त्यावर ही गाडी दोनदा सोडावी, एकदा पट्टीसह आणि एकदा पट्टीविना, आणि मागून येणाऱ्या मोटारीने दोन्ही वेळा किती मीटर आधी ब्रेक लावला ते लिहून काढावे.