मोतीबिंदूचा हिशेब आणि संस्थांची कमाई

एखाद्या सामाजिक संस्थेची ताकद जोखायची असेल, तर गेल्या वर्षी तिला किती निधी मिळाला हे विचारण्यात फारसा अर्थ नाही. हातातला प्रकल्प संपल्यावर पुढच्या महिन्याचे पगार कुठून होणार, हे विचारावं. बहुतेक देणग्या आज प्रकल्पाला बांधलेल्या असतात. प्रशिक्षणाला, शिबिरांना, फलकांना पैसा मिळतो. हिशेबनिसाचा पगार, कार्यालयाचं भाडं, बिघडलेल्या यंत्राची दुरुस्ती यांना सहसा कोणी देणगीदार सापडत नाही. २०२० साली परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि अशा निधीतून प्रशासकीय खर्च करण्याची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. त्याच दुरुस्तीने एका संस्थेने दुसरीला परदेशी निधी देण्यावरही बंदी घातली. मुंबई-दिल्लीच्या मोठ्या संस्थांकडून तालुक्यातल्या छोट्या संस्थेकडे झिरपणारा पैसा त्यामुळे थांबला. २०१४पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात हे खरं. पण तो पैसा कंपनीच्या कारखान्याभोवतीच्या परिसराला प्राधान्य देतो आणि वर्षाच्या हिशेबात बसणारं काम मागतो. जालन्यासारख्या जिल्ह्यातल्या संस्थेने या दोन्हींवर विसंबून वीस वर्षांचं काम आखणं अवघड आहे.

याच जालन्यात वेगळा रस्ता दाखवणारं एक काम आहे. ‘महिको’ ही बियाणे कंपनी उभी करणारे बद्रीनारायण बारवाले यांच्या पुढाकाराने १९९२ साली शहरात श्री गणपती नेत्रालय सुरू झालं. तिथे पैसे भरणारे रुग्ण येतात आणि गावोगावच्या शिबिरांतून आणलेले, एक रुपयाही न देऊ शकणारे रुग्णही येतात. डोळ्यांच्या रुग्णालयाला हे का जमतं, ते समजून घेण्यासारखं आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया काही मिनिटांची असते. खर्चाचा मोठा भाग इमारत, शस्त्रक्रियागृह, सूक्ष्मदर्शक आणि डॉक्टर-परिचारिकांचे पगार यांत अडकलेला असतो, आणि दिवसाला दहा शस्त्रक्रिया झाल्या काय किंवा तीस झाल्या काय, तो जवळपास तेवढाच राहतो. वाढीव रुग्णामागे भिंग, औषधं, जेवण आणि ने-आण एवढाच खर्च वाढतो. म्हणून ऐपत असलेल्या रुग्णाच्या शुल्कातून हा स्थिर खर्च निघाला की गरिबाची शस्त्रक्रिया फार थोड्या पैशांत होते. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून मोफत शस्त्रक्रियांसाठी सेवाभावी रुग्णालयांना अनुदान मिळण्याची सोय आहे, त्याचाही हातभार लागतो. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने हे गणित देशाला दाखवून दिलं. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर, १९७६ साली, अकरा खाटांवर ते सुरू केलं. परदेशी भिंगं परवडेनात तेव्हा १९९२ साली त्यांनी स्वतःचा भिंगांचा कारखाना काढला आणि भिंगाची किंमत मूळच्या अगदी लहानशा हिश्शावर आणली. देणगी मागत बसण्यापेक्षा खर्चाच्या मुळाशी जाणं किती मोलाचं असतं, ते इथे दिसतं.

यातून माझं ठाम मत असं बनलं आहे, की संस्थेची कमाई तिच्या मूळ कामातूनच निघाली पाहिजे. अनेक संस्था उत्पन्नासाठी मेणबत्त्या, मसाले, भेटकार्डं असे उद्योग काढतात. मसाल्याचा धंदा हा पूर्ण वेळ देणाऱ्या माणसाचा धंदा आहे. आरोग्याचं किंवा शिक्षणाचं काम करणाऱ्या कार्यकर्त्याने तो संध्याकाळी करायचा म्हटलं तर धंदाही बुडतो आणि कामही मागे पडतं. नेत्रालयाचं तसं होत नाही, कारण पैसे देणाऱ्याला आणि न देणाऱ्याला हवी असलेली गोष्ट एकच असते. शेतीतही हे शक्य आहे. जालन्याजवळ खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र मराठवाडा शेती साहाय्य मंडळ चालवतं. अशा केंद्रांचे पगार सरकारी निधीतून होत असले, तरी बियाणं आणि रोपं विकून आलेला पैसा फिरता निधी म्हणून पुन्हा कामात घालण्याची पद्धत देशभरच्या केंद्रांत आहे. माती परीक्षण, खात्रीची रोपं, अवजारं भाड्याने देणं, या सेवांना शेतकरी आनंदाने पैसे मोजतो.

पैसे देणारा गिऱ्हाईक आला की गरीब मागे सरतो, ही शंका मात्र गंभीरपणे घ्यायला हवी, कारण महाराष्ट्रात तसं घडलेलं आहे. धर्मादाय म्हणून सवलती घेतलेल्या रुग्णालयांना गरिबांचा विसर पडला, म्हणूनच २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाला योजना आखून द्यावी लागली: दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. पण दोष शुल्क घेण्याचा नव्हता. मोफत रुग्णांची मोजदाद कोणी उघडपणे मांडत नव्हतं, हा होता. कमावणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या अहवालात पहिल्याच पानावर पैसे भरणारे किती आणि न भरणारे किती, हे दरवर्षी छापावं. फरक खोलीत आणि जेवणात चालेल. डॉक्टरात आणि शस्त्रक्रियेत नको. मदुराईत तेच डॉक्टर आळीपाळीने दोन्हीकडे काम करतात.

सेवेचे पैसे घेणं हा सेवेचा अपमान आहे, असं मानणारेही बरेच आहेत. मला तसं वाटत नाही. पन्नास रुपये भरलेला माणूस चष्म्याचा नंबर चुकला तर परत येऊन भांडतो. फुकट मिळालेला चष्मा तो गुपचूप कोनाड्यात ठेवतो. त्या भांडणातून काम सुधारतं. बाबा आमट्यांनी आनंदवनात कुष्ठरोग्यांच्या हातांना शेती आणि हस्तोद्योग दिले. त्यांनी पिकवलेलं, विणलेलं लोक विकत घेतात, यात त्या माणसांची प्रतिष्ठाही आहे.

कमाईत आयकर कायद्याची अडचण येते हे खरं आहे, पण तिला घाबरून कमाईच टाळणं चूक आहे. गरिबांना मदत, शिक्षण, वैद्यकीय सेवा ही कामं आयकर कायद्यात वेगळी धरलेली आहेत. ‘सार्वजनिक उपयोगाचं इतर काम’ या गटात मोडणाऱ्या संस्थांना मात्र व्यापारी स्वरूपाचं उत्पन्न एकूण जमेच्या वीस टक्क्यांपर्यंतच ठेवावं लागतं, नाहीतर त्या वर्षाची करसवलत जाते. शेती आणि उपजीविकेवर काम करणाऱ्या कित्येक संस्था याच गटात येतात. त्यांनी विक्रीचा हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळ्या वह्यांत ठेवावा, आणि विक्री वाढू लागली की ती शेतकरी उत्पादक कंपनीच्या हाती द्यावी. जाणत्या सनदी लेखापालाची फी हा यातला सगळ्यात शहाणा खर्च.

तरीही काही कामं कधीच कमावणार नाहीत. दिवाळीच्या सुमाराला जालना जिल्ह्यातून ऊसतोडीला कुटुंबं बाहेर पडतात. मागे राहिलेल्या किंवा फडावर गेलेल्या मुलांची शाळा टिकवण्याचं काम कोणत्या शुल्कातून चालेल? बालविवाह रोखणाऱ्या कार्यकर्तीने कोणाला बिल पाठवायचं? इथे देणगीच हवी, आणि तीही प्रकल्पाच्या जाचातून मोकळी. म्हणूनच रुग्णालयं, प्रशिक्षण केंद्रं, प्रयोगशाळा अशा ज्यांना कमावता येतं त्यांनी कमवावं आणि देणगीच्या रांगेतून बाजूला व्हावं. जालन्यातल्या पोलाद आणि बियाणे उद्योजकांनी मग आपला पैसा ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी निदान पाच वर्षांच्या बोलीवर द्यावा, आणि त्यातून पगार द्यायला हरकत नाही, असं देणगीच्या पत्रातच लिहून द्यावं.